तिवरखाडीच्या त्रेचाळीस म्हाताऱ्या

२०४७ सालच्या जून महिन्यात ‘झुलन’ नावाचं चक्रीवादळ तिवरखाडीवर येता येता वळलं, आणि त्याला तिवरखाडीच्या त्रेचाळीस म्हाताऱ्यांनी वळवलं.

असं काही घडलेलं नाही. वळण केंद्राच्या अहवालात बावन्नाव्या पानावर स्पष्ट लिहिलंय की वादळ ‘नैसर्गिक कारणांनी’ वळलं. म्हाताऱ्यांचा उल्लेख कुठेच नाही, आणि सरकारी अहवालात नसलेली गोष्ट घडली म्हणणं बरं दिसत नाही. तेव्हा वरचं वाक्य कुणी वाचलंच नाही असं धरू आणि काहीच घडलेलं नव्हतं तिथून सुरुवात करू. म्हणजे तिवरखाडीच्या धक्क्यावरून, चार जूनच्या सकाळी नऊ वाजता.

धक्क्यावर निकिता कुबल दोराला गाठ मारत होती. नाव ऐकून कुणी कॉलेजातली पोर डोळ्यांपुढे आणू नये. निकिता सत्तेचाळीस वर्षांची होती. निकिता, पूजा, प्रियांका ही सगळी आता आत्याबाईंची नावं झाली होती. ती ‘गोदावरी’ होडीची तांडेल होती. म्हणजे होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं आणि शिव्या कुणाला द्यायच्या, हे तिच्याकडे असायचं. लग्न केलं नव्हतं. तीन स्थळं आली होती, पण तिघांनाही बोट लागायची.

वादळ येणार म्हटलं की तिवरखाडीत एकच काम असतं: होड्या पाण्यातून ओढून वाळूवर, माडांच्या मागे न्यायच्या. गोदावरीच्या पोटाखाली ओंडके घातलेले, दोराला चाळीस हात लागलेले, आणि सगळ्यांच्या पुढे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बाबल तारी ‘हेऽऽ यो’ म्हणायला छाती भरून घेतोय, एवढ्यात वळण केंद्राची गाडी आली.

गाडीतून उतरलेल्या तरुणाचं नाव अद्वैत पेंडुरकर. हुद्दा उपवळण अधिकारी. हातात कागदांचा गठ्ठा, आणि चेहरा कुणाच्या तरी घरी वाईट बातमी घेऊन आलेल्या पाहुण्याचा.

“निकिता कुबल आपणच? एक सही हवी होती.”

“कसली?”

“मृत्यूच्या दाखल्यावर.”

“कोण मेला?”

“अजून कुणी नाही,” अद्वैत म्हणाला. “पण उद्या सकाळी साडेदहाच्या आत तुमच्या गावातल्या त्रेचाळीस बायकांना मरावं लागेल.”

ही मागणी समजायला आधी वादळ कसं वळवतात ते समजायला हवं.

वादळ वळवायची सोय होऊन तोवर नऊ वर्षं झाली होती. चक्रीवादळ कोमट समुद्रावर जगतं. पाण्याचा पृष्ठभाग साधारण साडेसव्वीस अंशांच्या खाली गेला की त्याला पुरेसं खाणं मिळत नाही आणि ते मलूल होतं. किनाऱ्यापासून दीड-दोनशे किलोमीटरवर, जिथे समुद्र एकदम खोल होतो, तिथे केंद्राने हजारो नळ्या उभ्या तरंगत ठेवल्या होत्या. प्रत्येक नळी शंभर-दीडशे मीटर लांब, आत एक झडप. लाटेबरोबर नळी वर-खाली व्हायची आणि दर हेलकाव्याला तळचं गार पाणी वर यायचं. वीज नको, इंजिन नको. वादळ जितकं खवळेल तितकं ते स्वतःच्याच वाटेवर गार पाणी ओतून घ्यायचं. कुठल्या झडपा उघडायच्या आणि कुठल्या मिटायच्या, एवढंच केंद्र ठरवायचं. एका अंगाला पाणी गार झालं की वादळ दुसऱ्या, उबदार अंगाला झुकतं. ते थांबत नाही की विरत नाही. फक्त पन्नास-साठ किलोमीटर सरकतं.

म्हणजे वादळ कुठेतरी येणारच. पूर्वी कुठे यायचं ते वादळ ठरवायचं आणि लोक देवाला शिव्या देऊन मोकळे व्हायचे. आता ते केंद्र ठरवायचं.

नियम साधा होता. जिथे वीसपेक्षा कमी जिवंत माणसं असतील, त्यांतल्या सगळ्यात रिकाम्या जागी यंत्र आपोआप वादळ सोडेल; दोन जागा सारख्याच रिकाम्या असतील, तर वादळाच्या मूळ वाटेवरच्या जागी. तशी जागाच नसेल, तर अठरा सदस्यांच्या समितीने बैठक घेऊन, प्रत्येकाने आपलं नाव लिहून, खाली सही करून जागा ठरवायची. नऊ वर्षांत समितीवर ही पाळी एकदाही आली नव्हती. किनाऱ्यावरचं गाव डोंगरावर हलवलं की गाव रिकामं होतं, आणि रिकामं झालं की ते नियमात बसतं. लोक जीव वाचवायला जायचे आणि जाऊन घर वादळाच्या ताब्यात द्यायचे. यात कुणाचीही सही लागत नव्हती.

जिवंत माणसं मोजायला प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा होता. श्वासाने छाती हलते तेवढी हालचालही त्याला कळायची. वादळाच्या काळात पाच मिनिटं अजिबात हालचाल नाही म्हणजे माणूस नाही.

आता त्रेचाळीस बायका. तिवरखाडीत एक रीत होती. घरातली मोठी बाई वारली की पुढची होडी तिच्या नावाने बांधायची, आणि मग ती होडी म्हणजेच ती बाई. चवथीला होडीला लुगडं, वड्यांचा पहिला घास नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, आणि तिच्यासमोर कुणी मोठ्याने भांडायचं नाही. काही वर्षांपूर्वी सरकारची जीवगणना झाली. ती फोनवरून एका बाईचा यांत्रिक आवाज करायचा. आवाज विचारायचा, “घरातील ज्येष्ठ स्त्रीचे नाव?” लोक सांगायचे, गोदावरी, सत्यभामा, अनसूया. “जन्मसाल?” तेही सांगायचे, आजीचं होतं ते. “सध्या कुठे असतात?” खाडीत. “काही काम करतात का?” तर. रोज समुद्रावर जातात.

आवाजाला सगळं पटलं. त्रेचाळीस पट्टे पोस्टाने आले आणि लोकांनी ते जिचे तिच्या नाळेवर बांधले. एकाच गावात एकशे दहाच्या पुढच्या त्रेचाळीस बायका, त्याही कामाला जाणाऱ्या! आरोग्य खात्याने त्यांच्या आहाराचा ऑनलाइन अभ्यास केला आणि त्या रोज काय घेतात विचारलं. गावाने खरं ते सांगितलं: डिझेल सोडल्यापासून प्रकृती सुधारली आहे. तो अहवाल पुढे कुठे गेला कुणाला माहीत नाही.

“आता गंमत अशी झालीय,” अद्वैत म्हणाला, पण त्याच्या तोंडावर गंमत नव्हती. “झुलन सरळ तुमच्यावर येतंय. माणसं तुमची काल सगळी डोंगरावरच्या शाळेत गेली, आत्ता होड्यांसाठी उतरलात तेही संध्याकाळी परत जाल. पण खाडीत त्रेचाळीस जणी हलतायत. नव्वदीच्या पुढच्यांना जबरदस्तीने हलवता येत नाही, असा कायदा आहे.”

“अरे पण त्यो होड्यो आसत,” निकिता म्हणाली. “तुका दिसता मा?”

“मला दिसतं, ताई. यंत्राला नाही दिसत. आणि यादीतलं नाव दुरुस्त करायला नव्वद दिवस लागतात. मेलेल्या माणसाचं नाव मात्र लगेच निघतं.”

बाबल तारी दोर न सोडता मागे वळला. “माझी सत्यभामा थय डुलता. तिका मेली म्हणान सही करू? मी तुझ्या आवशीच्या कागदार सही केली तर चलात तुका?”

“आई पुण्याला असते, काका.”

“मगे सुखी आसा. तिका वादळ कसला ता ठावक नाय. चला रे, ओढा! हेंच्या नादाक लागलो तर दुपार होतली.”

“ओढा, ओढा!” अद्वैत एकदम सुटल्यासारखा म्हणाला. “वर ओढल्या की हलायच्या बंद होतील. मग सहीचीही गरज नाही.”

आपण काय बोललो ते अद्वैतला नंतर कळलं. पहिल्यांदा निकिताने दोर सोडला. मग बाबलने. मग एकेक करत चाळीस हात सुटले, आणि अर्धी वर आलेली गोदावरी ओंडक्यांवरून घरंगळत, डोलत पाण्यात परत गेली.

“जगली,” बाबल म्हणाला.

म्हणजे आता असं होतं: होड्या वाचवायला वर ओढल्या, तर वादळ इथेच येणार, आणि पाच मीटर पाणी चढलं की माड, वाळू आणि माडांमागच्या होड्या सगळं एकत्रच जाणार. आणि होड्या भर वाऱ्यात पाण्यात ठेवल्या, तर वादळ दुसरीकडे जाणार.

“दुसरीकडे म्हणजे खय?” निकिताने विचारलं.

अद्वैतने गठ्ठ्याखालची पडद्याची पाटी तिच्यापुढे धरली. वळण पोचेल एवढ्या किनाऱ्यावर तीनच बंदरं होती, आणि आकडे उद्याच्या हिशेबाचे. तिवरखाडी, जिवंत त्रेचाळीस. दक्षिणेला नऊ मैलांवर बोरखंड, जिवंत शून्य. त्याच्या खाली दहा मैलांवर नीलांबर मरिना, मोठ्या लोकांच्या हौसेच्या नौका ठेवायची जागा, जिवंत दोनशे.

लोकांनी आनंदाने आरोळी ठोकली. निकिताने नाही ठोकली. बोरखंडात तिची धाकटी बहीण दिली होती.

बहिणीचा फोन दुपारी आलाच.

“काय गो, तुझी म्हातारी मरूक नाय म्हणे?”

“नाय.”

“मगे मी मरू?”

“पूजा, आयक—”

“काय आयकू? आमची एकशेवीस घरा, सगळी सांगितल्यार डोंगरार गेली. शाण्या पोरांसारखी. म्हणान आमी शून्य! तुमी खाडीत लाकडा ठेवलास, म्हणान तुमी त्रेचाळीस! ह्यो खयचो न्याय?”

“लाकडा म्हणा नको तिका. ती तुझी पण आजी.”

“माझी? बापाशीन तुका आजी दिल्यान. माका फ्रिज.”

हे खरं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी वाटणी अशीच झाली होती, आणि तेव्हापासून पूजाने गोदावरीला पाय लावला नव्हता. फ्रिज तीन वर्षांत बिघडला होता, तोही तिने फेकला नव्हता. पाहुण्यांना दाखवायला ठेवला होता.

“तुमच्यात कोणाच्या होडयेक आजी नाय?” निकिताने विचारलं.

“आमचा सगळा फायबर. होडयेक नंबर आसतत. नंबराक कोण आजी म्हणता?” पूजाचा आवाज थोडा खाली आला. “निकू, माझा घर धक्क्याक लागान आसा. तुका ठावक आसा.”

फोन ठेवून निकिताने हिशेब केला. सही केली तर आपलं गाव गेलं. नाही केली तर बहिणीचं. आणि या दोन्ही गोष्टी ज्यांनी घडवून आणल्या, त्यांनी मात्र एक पेनसुद्धा उघडलं नव्हतं.

तिने अद्वैतला हाक मारली. “दोन्ही गावांत विसापरास जास्त आज्यो झाल्यो, तर?”

“तर यंत्राला जागाच उरत नाही. मग समितीला सह्या कराव्या लागतील.” अद्वैत चाचरला. “पण ताई, तशा त्या होणार कशा?”

“बावीस हय. एकवीस थय.”

“आणि नेणार कोण? समुद्रावर जायला बंदी आहे. तुमचे पट्टे लगेच दिसतील.”

निकिताने मनगटावरचा पट्टा सोडून त्याच्या हातात दिला. “हो शाळेत खिळ्याक लाव. थय वारो बरो येता, मी हलत ऱ्हवतलंय.”

पाच जूनच्या पहाटे उजाडता उजाडता एकवीस होड्या खाडीबाहेर पडल्या. प्रत्येकीवर दोन-दोन माणसं होती, पण ती यंत्राच्या हिशेबी शाळेत होती. वारा जमिनीकडून डाव्या गालावर, लाट समुद्राकडून उजव्या बरगडीत, आणि दोघांच्या मध्ये होडी उखळातल्या भातासारखी. आभाळाला पिकलेल्या जांभळाचा रंग. खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं, तरी शिव्या बरोबर पोचत होत्या.

चौथ्या मैलावर सत्यभामाची मोटर खोकली आणि बंद पडली. होडी लाटेला आडवी व्हायला लागली.

“बाबलकाका, दोर घेवा!”

“माका नको! तू जा फुडे!”

“तुमका कोण इचारता? आजयेक दोर टाकलंय मी!”

दोर तिसऱ्या फेकीला पोचला. गोदावरीने सत्यभामाला मागे घेतलं आणि दोघी एका दोराने खेचत-हिसकत पुढे निघाल्या. त्याच वेळी निकिताचा फोन वाजला.

“ताई, अद्वैत बोलतोय. केंद्रात गोंधळ उडालाय. त्यांना पडद्यावर असं दिसतंय की एकशे दहा वर्षांच्या एकवीस बायका समुद्रातून पोहत दक्षिणेकडे चालल्यायत.”

“मगे?”

“विचारतायत, वेग एवढा कसा.”

“सांग, भरती आसा,” निकिताने सांगितलं आणि फोन ठेवला.

सव्वानऊला एकवीस होड्या बोरखंडच्या खाडीत शिरल्या. गाव रिकामं होतं. धक्क्यावर एकटी पूजा उभी होती, अंगात रेनकोट, हात कमरेवर, मनगटावरचा पट्टा डोंगरावर ठेवून आलेली. होड्या तिवरांत घुसवून, नांगर टाकून, दोन-दोन दोर झाडांच्या बुंध्यांना बांधेपर्यंत ती थांबली. मग बोलली.

“हाडलंस तुझी लाकडा?”

“आजयेक हाडलंय. तुझ्या घराच्या राखणेक.”

पूजाने गोदावरीकडे पाहिलं आणि मान फिरवली. डोळ्यांत गेलेलं पाणी कुठलं, हे अशा वाऱ्यात कुणालाच सांगता आलं नसतं.

परत अद्वैत. या वेळी आवाज अगदी बारीक. “ताई, यंत्र थांबलं. दोन्हीकडे विसाच्या वर. समिती बसलीय, पण पहिली सही कुणी करत नाही. आता एका सदस्यांनी सुचवलंय की या वयाच्या बाया नऊ मैल पोहू शकत नाहीत, तेव्हा बोरखंडच्या एकवीस जणी वाटेत बुडाल्या असं धरावं. म्हणजे बोरखंड पुन्हा शून्य.”

“आणि त्यार सही लागणा नाय?”

“बुडालेल्यांसाठी नुसता हात वर केला तरी चालतो.”

“कधी करतले?”

“चहा आलाय. साडेदहाच्या आत ठराव टाइप होईल. साडेदहानंतर झडपांना काही करता येत नाही.”

पूजा बाजूला उभी राहून सगळं ऐकत होती. तिने कमरेची किल्ली चाचपली.

“आजी बुडाली म्हणान हात वर करतत? एकवीस जणी बुडाल्यो?” तिने स्कूटरवरचं प्लास्टिक ओढून काढलं. “बस मागे.”

“खय?”

“मरिनात. पंखो बंद करूक.”

वाटेत पूजा ओरडून सांगत गेली आणि निकिता तिच्या पाठीला कान लावून ऐकत गेली. मरिना बांधताना मालकांनी केंद्राला लिहून दिलं होतं की नौकांच्या रक्षणाला दोनशे रखवालदार कायम जागेवर राहतील. ते कागद बघून केंद्र खूश झालं, कारण दोनशे जीव असले की वादळ तिथे कधीच सोडता येत नाही. दोनशे पट्टे आले. रखवालदार मात्र कुणी नेमलेच नाहीत. नेमली ती पूजा. हुद्दा हालचाल सहायक. काम एकच: पंखा थांबू द्यायचा नाही.

मरिना चिडीचूप होती. दोनशे पांढऱ्या नौका ओळीने बांधलेल्या, माणूस एक नाही. गेटवर एक पिवळा कुत्रा होता, तो पूजाला बघून मागोमाग आला. पूजाने रखवालदारांची खोली उघडली. आत एक टेबल, एक स्टूल आणि छताला एक नंबरवर फिरणारा पंखा. त्याच्या पात्यांना तंगुसाने, म्हणजे मासे गरवायच्या नायलॉनच्या दोऱ्याने, बांधलेले दोनशे पट्टे गोल गोल फिरत होते. जिवंत, निरोगी, कामावर हजर.

निकिताने मान वर करून ते मोजायला घेतले.

“ह्यो सुधाकर साटम,” पूजाने पट्ट्यांकडे बोट दाखवलं. “त्यो मागचो गणपत राणे. थय पात्याच्या टोकाक पवार, तेचो तंगूस सारखो तुटता. सगळ्यांका वळखतंय मी.” ती बटणापाशी गेली आणि तिथेच थांबली. “आठ वर्षा झाली, निकू. एकदा पण थांबाक नाय. लाइट गेली तर इस्टुलार चढान हातान फिरवलंय मी.”

घड्याळात दहा वाजून सात मिनिटं झाली होती. निकिताचा हात बटणाकडे जायला शिवशिवला. तिने तो मागे बांधला.

“तुझा काम आसा,” ती म्हणाली. “ऱ्हवाचा तर ऱ्हवदे. मी बोट लावचंय नाय. मगे दोघी जावया, आजयेच्या होडयेत बसया, आणि आमका बुडाली म्हणान कोण कोण हात वर करता ता बघया.”

पूजाने तिच्याकडे पाहिलं. “तुका होडी. माका फ्रिज. आता बटण पण माकाच.” आणि तिने बटण दाबलं.

पंखा थांबायला वेळ लागला. बहुतेक त्यालाही सवय नव्हती. थांबल्यावर पट्टे झुलत राहिले. पूजाने स्टुलावर चढून कोयतीने तंगूस कापला, सगळा घोस दोन्ही हातांत कवटाळून खाली आणला, टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लोटला. “निजा रे बाबांनो,” ती म्हणाली.

आता पाच मिनिटं. दोघी भिंतीला टेकून उभ्या. एक मिनिट झालं. दोन झाली. चौथ्या मिनिटाला कुत्र्याच्या पाठीला खाज सुटली आणि त्याने टेबलाच्या पायाला अंग घासलं. दोनशे रखवालदार पुन्हा जिवंत झाले.

“मेल्या!” दोघी एकदम ओरडल्या. कुत्रा बाहेर गेला. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. दहा सोळा. बाहेर वाऱ्याने एका नौकेचं शीड फाडल्याचा आवाज झाला. पूजाने बहिणीचा हात घट्ट धरला होता, ते तिच्या लक्षात नसावं. दहा अठरा. दहा वीस. दहा एकवीस.

फोन वाजला.

“ताई,” अद्वैतचा श्वास लागला होता. “मरिना शून्य! यंत्राने स्वतःच घेतलं, ठरावाची वाटच बघितली नाही. दक्षिणेच्या झडपा मिटल्या, उत्तरेच्या उघडल्या. तुम्ही आहात कुठे?”

“मरिनात,” निकिता म्हणाली.

“पळा!” अद्वैत ओरडला. हुद्दा विसरून तो इतकं खरं पहिल्यांदाच बोलला असेल.

स्कूटरवर आता तिघं होती, मध्ये कुत्रा. मागे मरिनाच्या व्यवस्थापकाच्या फोनवर यंत्राकडून दोनशे सांत्वनपर संदेश एकामागून एक जात होते, कारण दोनशे रखवालदारांचे जवळचे नातेवाईक म्हणून त्याचाच नंबर लिहिलेला होता.

वादळ संध्याकाळी पाचला मरिनावर आलं. ते तसं आलं म्हणून बोरखंडावर आलंच नाही असं नाही. पण बोरखंड आता वादळाच्या उत्तर अंगाला होतं, आणि त्या अंगाला वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. म्हणून समुद्र गावात चढायच्या ऐवजी मागे हटला. खाडीतलं पाणी कुणी बादली उपसावी तसं उतरत गेलं. होड्यांची तोंडं जमिनीकडे वळली आणि दोर सतारीच्या तारेसारखे ताठ झाले.

बेचाळीस माणसं चिखलात, तिवरांच्या मुळांत बसून दोर धरून होती. पूजा त्रेचाळिसावी. ती गोदावरीच्या नाळेपाशी गुडघाभर गाळात उभी होती, दोर कमरेभोवती गुंडाळलेला, आणि वाऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात वादळाला, समितीला, बापाला आणि फ्रिजच्या कंपनीला शिव्या देत होती.

“सोड तो! हात जातलो!” निकिता ओरडली.

“जावदे! तू तुझो दोर बघ!”

साडेसहाला सत्यभामाचं झाड उपटलं. एक दोर तुटला, दुसरा बाबलच्या तळहातांची कातडी घेऊन गेला, आणि सत्यभामा खाडीच्या मुखातून, एकदाही न कलंडता, सरळ समुद्रात निघून गेली. बाबल तिच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने रक्ताळलेले हात पंच्याला पुसले आणि शेजारच्या अनसूयेचा दोर धरला.

काळोख पडायच्या आत वारा ढिला पडला. बोरखंडची एकशेवीस घरं जागेवर होती. कौलं चाळीस घरांची गेली होती. तिवरखाडीत चार होड्या फुटल्या, माड दोनशे पडले, माणूस एकही नाही. मरिनातल्या पांढऱ्या नौका डोंगराच्या पायथ्याच्या काजूच्या बागेत सापडल्या. सत्यभामाचा पट्टा अजून हलत होता. पडद्यावर ती ओमानच्या दिशेने चालली होती, आणि यंत्राच्या मते तिची प्रकृती उत्तम होती.

पूजाची नोकरी गेली. ती आता गोदावरीवर असते. तिला बोट लागते, पण ती ते कबूल करत नाही.

चौकशी झाली. दोनशे रखवालदार कुठे गेले याचं उत्तर मालकांना देता येईना, आणि एकवीस म्हाताऱ्या बुडाल्याचा ठराव कुणी टाइप करायला सांगितला हे समितीला आठवेना. तेव्हा दोन्ही बाजूंनी समजूतदारपणा दाखवला आणि वादळ नैसर्गिक कारणांनी वळलं असं ठरलं. अद्वैतची बदली तिवरखाडीला झाली. शिक्षा म्हणून. तो हल्ली जाळी विणायला शिकतोय आणि अजून कुठलीच गाठ त्याला येत नाही. गावकऱ्यांचं काही म्हणणं असेल तर त्यांनी ते विहित नमुन्यात, एका पानात कळवावं, असं केंद्राचं पत्र घेऊन तोच धक्क्यावर आला. निकिताने गोदावरीच्या फळीवर कागद ठेवला आणि लिहिलं:

प्रति,
मा. अध्यक्ष, वळण समिती.

विषय : बैठकीचे स्थळ बदलून मिळणेबाबत.

महोदय,

वादळ कोणावर सोडावे हे ठरविणारी आपली बैठक पाचव्या मजल्यावर, बंद खिडक्यांच्या दालनात होते असे समजते. तेथे वारा येत नसल्याने सदस्यांची गैरसोय होत असावी. तरी यापुढील बैठक वादळाच्याच दिवशी, तिवरखाडीच्या मुखाशी, ‘गोदावरी’ या होडीवर, अध्यक्षांसह सर्व अठरा सदस्यांच्या प्रत्यक्ष उपस्थितीत घेण्यात यावी. दोर, नांगर व चहा यांची व्यवस्था गावातर्फे करण्यात येईल. जीवरक्षक जॅकेटे दोन्ही गावांतील मिळून सतरा भरतात. सदस्य अठरा आहेत. सबब, जॅकेट कोणाला द्यावयाचे नाही, हे आपल्या प्रचलित नियमानुसार ठरवून, सर्वांच्या नावानिशी व सहीनिशी, वादळापूर्वी सात दिवस लेखी कळवावे, ही नम्र विनंती.